पेशीनिदान

पेशीनिदान म्हणजे शरीरातून आपोआप सुट्या झालेल्या अथवा सुईने, ब्रशने किंवा खरवडून काढलेल्या पेशी काचपट्टीवर पसरवून, त्यांना रंग देऊन व सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे परीक्षण करून रोग ओळखण्याची पद्धत होय. ही विकृतिशास्त्राची एक शाखा असून तिला पेशीविकृतिशास्त्र असेही म्हणतात. रुग्णालयांत व प्रयोगशाळांत ती सायटोलॉजी या नावाने ओळखली जाते. गर्भाशयमुखाची पॅप चाचणी, गाठीतून बारीक सुईने पेशी काढून केली जाणारी एफएनएसी ही तपासणी, तसेच थुंकी, मूत्र व छातीत किंवा पोटात साठलेले पाणी यांची पेशीतपासणी हे तिचे नेहमीचे प्रकार आहेत. कर्करोग व कर्करोगपूर्व अवस्था ओळखणे हे या शास्त्राचे मुख्य कार्य असले, तरी क्षयरोग, नागीण, बुरशीजन्य रोग, हत्तीरोग अशा अनेक संसर्गांचा पुरावाही पेशींतून मिळतो.

ही तपासणी स्वल्प खर्चाची व बहुधा भूल न देता होणारी असून तिचा निष्कर्ष लवकर हाती येतो. मात्र ती पूर्णतः नमुन्याच्या योग्यतेवर आणि तो वाचणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते.

संज्ञा व व्याप्ती

एकाच प्रकारच्या अनेक पेशी विशिष्ट रचनेने एकत्र येऊन ऊती तयार होते. ऊतीचा तुकडा काढून, त्याचे पातळ काप घेऊन तपासण्याच्या पद्धतीस बायॉप्सी म्हणतात. बायॉप्सीत पेशींबरोबरच त्यांची मांडणी, त्यांचे थर आणि रोगाने शेजारच्या भागात केलेला शिरकावही दिसतो. पेशीनिदानात मात्र पेशी मांडणीतून सुटलेल्या असतात. बायॉप्सी म्हणजे भिंतीचा एक भाग कापून पाहणे, तर पेशीनिदान म्हणजे त्या भिंतीतून निघालेल्या विटा पाहणे, असा हा फरक सांगता येईल. वीट कशी भाजली आहे, तिला तडा गेला आहे का, हे विटेवरून कळते. पण भिंत सरळ होती की ढासळलेली, हे केवळ विटेवरून नेहमीच सांगता येत नाही. या शास्त्राचे सामर्थ्य व त्याच्या मर्यादा या दोन्हींचे मूळ या फरकात आहे.

पेशी मिळवण्याच्या रीतीवरून या शास्त्राचे दोन मुख्य विभाग पडतात. शरीराच्या अंतर्बाह्य आवरणांवरून गळणाऱ्या किंवा खरवडून काढलेल्या पेशींचा अभ्यास पहिल्या विभागात येतो, तर अवयवाच्या किंवा गाठीच्या आतून सुईने ओढून घेतलेल्या पेशींचा अभ्यास दुसऱ्या विभागात येतो. रक्ताच्या लेपाची तपासणी रक्तविज्ञानात आणि थुंकीतील जंतूंचा शोध सूक्ष्मजीवशास्त्रात मोडतो. तरीही काचपट्टी, रंजक आणि सूक्ष्मदर्शक ही साधने तिन्हींना समान असल्याने त्यांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे.

इतिहास

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या कप्प्यांना पेशी या अर्थाची संज्ञा दिली. श्लायडेन व श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३८–३९ च्या सुमारास वनस्पती व प्राणी यांची शरीरे पेशींचीच बनलेली असतात, हा सिद्धांत मांडला. याच सुमारास योहानेस म्युलर याने अर्बुदांच्या सूक्ष्म रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले. रुडोल्फ फिर्खो याने १८५८ मध्ये प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात रोगाचे मूळ पेशीतील बिघाडात शोधले पाहिजे, असे प्रतिपादन केले. १८६० मध्ये लायोनेल बील या इंग्रज वैद्याने घशाच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या थुंकीत कर्कपेशी आढळल्याचे नोंदवले.

संसर्गाच्या बाबतीतही सूक्ष्मदर्शकाने याच काळात मोठी कामगिरी केली. अल्जीरियातील कॉन्स्टंटीन येथे फ्रेंच लष्करी डॉक्टर आल्फाँस लाव्हराँ याने ६ नोव्हेंबर १८८० रोजी एका सैनिकाच्या रक्तात हिवतापाचा परजीवी पाहिला. कोलकात्याजवळील डमडम येथे ज्वर जडलेल्या व नंतर मृत्यू पावलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेच्या लेपात विल्यम लीशमन याला सूक्ष्म अंडाकृती कण आढळले होते. त्याने ते १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मद्रास येथे चार्ल्स डोनोव्हन यालाही तेच कण सापडले. काळा आजार या रोगाच्या या परजीवींस दोघांच्या नावांवरून लीशमन-डोनोव्हन पिंड म्हणतात.

आधुनिक पेशीनिदानाचा पाया जॉर्ज पापानिकोलाऊ (१८८३–१९६२) यांनी घातला. ग्रीसमधील किमी या गावी जन्मलेले पापानिकोलाऊ १९१३ मध्ये अमेरिकेत गेले व न्यूयॉर्क येथील कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन करू लागले. गिनीपिगच्या मादीत अंडमोचन केव्हा होते हे तिला न मारता कळावे, म्हणून त्यांनी योनिस्रावाचे लेप रोज तपासण्याची युक्ती काढली. ऋतुचक्राबरोबर पेशींचे रूप ठरावीक क्रमाने बदलते, असे त्यांना दिसून आले. चार्ल्स स्टॉकर्ड यांच्यासह त्यांनी हे निष्कर्ष १९१७ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे स्त्रियांच्या स्रावाचा अभ्यास करताना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांत त्यांना विकृत पेशी आढळल्या. १९२८ च्या जानेवारीत एका परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. रुमानियातील ऑरेल बाबेश यांनीही स्वतंत्रपणे असेच संशोधन केले होते व १९२८ च्या एप्रिलमध्ये ते फ्रेंच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांच्याही कार्याकडे त्या वेळी फारसे लक्ष गेले नाही. गर्भाशयमुखाचा तुकडा सहज काढता येत असताना सुट्या पेशी पाहण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न तत्कालीन तज्ज्ञांपुढे होता.

या प्रश्नाचे उत्तर पुढील संशोधनातून मिळाले. तुकडा काढण्यासाठी आधी डोळ्यांना व्रण दिसावा लागतो. सुट्या पेशी मात्र व्रण दिसण्याच्या कित्येक वर्षे आधीच बदललेल्या असतात. पापानिकोलाऊ व स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांनी १९४१ मध्ये शोधनिबंध आणि १९४३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करून हे दाखवून दिले. कॅनडातील अर्नेस्ट एअर यांनी १९४७ मध्ये गर्भाशयमुखावरूनच पेशी खरवडणारी लाकडी पट्टी वापरात आणली. त्यामुळे चाचणी सोपी व अधिक भरवशाची झाली आणि पापानिकोलाऊ यांच्या नावाच्या संक्षेपावरून ती पॅप चाचणी या नावाने जगभर रूढ झाली.

सुईने पेशी काढण्याची पद्धत न्यूयॉर्क येथील मेमोरियल रुग्णालयात हेज मार्टिन व एडवर्ड एलिस यांनी १९३० मध्ये वर्णिली. सुईमुळे कर्करोग पसरेल, या भीतीने ती अमेरिकेत मागे पडली. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का रुग्णालयातील डॉक्टरांनी १९५० नंतरच्या दोन दशकांत अधिक बारीक सुया वापरून या पद्धतीस शास्त्रशुद्ध रूप दिले आणि तेथून तिचा प्रसार झाला.

नमुना घेण्याच्या पद्धती

खरवडून किंवा ब्रशने: गर्भाशयमुखावर दोन प्रकारच्या आवरणपेशींचा जेथे संगम होतो, त्या भागात बहुतेक कर्करोगपूर्व बदल घडतात. म्हणून पट्टी अथवा ब्रश त्या भागावर फिरवणे आवश्यक असते. श्वासनलिका, अन्ननलिका व पित्तनलिका यांतील पेशी दुर्बिणीच्या नळीतून आत घातलेल्या ब्रशने मिळवतात.

स्राव व द्रव: थुंकीच्या तपासणीस लाळ चालत नाही. खोल खोकून काढलेला सकाळचा बेडका लागतो व तो बहुधा तीन दिवस घेतात. मूत्राच्या बाबतीत मात्र उलट असते. रात्रभर मूत्राशयात राहिलेल्या पेशी कुजू लागतात, म्हणून पहाटेचे पहिले मूत्र टाळून नंतरचा नमुना घेतात. फुफ्फुसावरणात किंवा उदरपोकळीत साठलेले पाणी आणि मेंदू व मज्जारज्जूभोवतीचा द्रव हे सुईने काढतात. अशा द्रवात पेशी विरळ असल्याने तो यंत्रात वेगाने फिरवून तळाशी बसलेला गाळ तपासतात.

बारीक सुईने: मान, स्तन, थायरॉइड, लाळग्रंथी किंवा काख यांतील हाताला लागणाऱ्या गाठीत अर्धा ते पाऊण मिलिमीटर व्यासाची सुई घालून, पिचकारीने हलका ओढा देत ती मागेपुढे हलवतात. सुईच्या पोकळीत आलेला थेंबभर ऐवज काचपट्टीवर सोडून पसरवतात. ही क्रिया काही मिनिटांत आटोपते. यकृत, फुफ्फुस यांसारख्या खोल अवयवांतील गाठींसाठी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या साहाय्याने सुईला दिशा देतात.

स्थिरीकरण व रंजन

शरीराबाहेर आलेली पेशी लगेच बिघडू लागते. ती आहे त्या रूपात टिकवण्याच्या क्रियेस स्थिरीकरण म्हणतात. पापानिकोलाऊ पद्धतीसाठी लेप ओला असतानाच काचपट्टी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवावी लागते. काही सेकंदांचा विलंब झाला तरी पेशी हवेने सुकतात, त्यांचे केंद्रक फुगते व त्याचा तपशील पुसट होतो. याउलट गिम्सा व तत्सम रंजकांसाठी लेप हवेतच सुकवतात. सुईतपासणीत काही काचपट्ट्या ओल्या व काही कोरड्या ठेवण्याची रीत यामुळेच पडली आहे.

रंगवल्याशिवाय पेशी जवळजवळ पारदर्शक असतात. पापानिकोलाऊ रंजनात केंद्रक निळे-जांभळे दिसते. पेशीद्रव्य मात्र पेशीच्या पक्वतेनुसार निळसर हिरवे, गुलाबी किंवा नारिंगी होते. केराटिन हे कठीण प्रथिन साठलेल्या पेशी नारिंगी दिसतात. अलीकडे पेशी थेट काचपट्टीवर न पसरवता एका द्रवात झटकून, त्यातील रक्त व श्लेष्मा दूर करून यंत्राने एकसारखा पातळ थर तयार करतात. या पद्धतीत उरलेल्या द्रवातून विषाणूची चाचणीही करता येते. उरलेला गाळ मेणात बसवून त्याचे काप घेतल्यास विशिष्ट प्रथिने ओळखणाऱ्या प्रतिपिंडांच्या चाचण्या करता येतात व कर्कपेशी मूळ कोणत्या अवयवातील आहे, याचा माग लागू शकतो.

पेशीचे वाचन

परीक्षक प्रथम कमी विवर्धनाखाली संपूर्ण काचपट्टी ओळीओळीने पाहतो आणि संशयास्पद जागा अधिक विवर्धनाखाली तपासतो. आकार मापण्यासाठी त्याला काचपट्टीवरच एक नैसर्गिक मापपट्टी मिळते. तांबड्या रक्तपेशीचा व्यास सुमारे ७ मायक्रोमीटर असतो व इतर पेशींची त्याच्याशी तुलना करता येते. गर्भाशयमुखाच्या आवरणातील पक्व पेशी ४० ते ६० मायक्रोमीटर रुंद, चपटी व बहुकोनी असते आणि तिचे केंद्रक तिच्या मानाने अगदी लहान ठिपक्यासारखे असते.

पेशीच्या वर्तनाची सूत्रे केंद्रकात असल्याने कर्करोगाच्या खुणाही तेथेच प्रथम शोधतात. केंद्रक मोठे होणे व पेशीद्रव्याशी असलेले त्याचे प्रमाण वाढणे, केंद्रकाचा रंग गडद होणे, त्याच्या कडा खाचाखोचांच्या होणे, आतील क्रोमॅटिन खरबरीत व असमान पसरणे, केंद्रिका ठळक होणे आणि पेशीविभाजनाच्या विकृत आकृती दिसणे, ही त्यांतील प्रमुख लक्षणे होत. निरोगी पेशी परस्परांना चिकटून व्यवस्थित राहतात. अनेक कर्कपेशींत ही बांधिलकी सैल होऊन त्या एकट्यादुकट्या विखुरतात. एकाच समूहातील पेशी एकमेकींसारख्या न दिसणे हेही महत्त्वाचे चिन्ह आहे.

यांपैकी कोणतेही एक लक्षण स्वतंत्रपणे निर्णायक नसते. दाह झालेल्या किंवा जखम भरून येत असलेल्या ऊतीतील पेशींची केंद्रकेही मोठी व केंद्रिका ठळक असतात. किरणोपचारानंतर पेशी विचित्र फुगतात. मुतखड्यामुळे मूत्रात कर्करोगाचा भास निर्माण करणारे पेशींचे पुंजके येऊ शकतात. त्यामुळे नमुन्यासोबतच्या पत्रकात रुग्णाचे वय, मासिक पाळीची तारीख, पूर्वीचे आजार व उपचार, गाठीचे नेमके स्थान ही माहिती असणे आवश्यक ठरते.

संसर्गजन्य रोगांचे निदान

संसर्ग ओळखण्याचे दोन मार्ग आहेत. काही वेळा रोगकारक जीव प्रत्यक्ष दिसतो. काही वेळा तो दिसत नाही, पण पेशीवर उमटलेला त्याचा ठसा दिसतो.

विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसू शकत नाहीत, म्हणून त्यांच्या बाबतीत दुसरा मार्ग उपयोगी पडतो. नागीण व तत्सम विषाणूंच्या संसर्गात पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या होतात, केंद्रके परस्परांवर दाबली जातात व दुधी काचेसारखी धूसर दिसतात. सायटोमेगालो विषाणूच्या संसर्गात केंद्रकात मोठा गडद पिंड व त्याभोवती पांढरे वलय दिसते. या रूपाला घुबडाच्या डोळ्याची उपमा दिली जाते. गर्भाशयमुखातील मानवी पॅपिलोमा विषाणू, म्हणजेच एचपीव्ही, संसर्गित पेशीच्या केंद्रकाभोवती स्पष्ट पोकळी निर्माण करतो. अलर्क, अर्थात रेबीज, या रोगात मेंदूतील चेतापेशींत आढळणारे पिंड आदेल्की नेग्री याने १९०३ मध्ये वर्णिले व ते त्याच्या नावाने ओळखले जातात.

क्षयरोग: मानेत वाढलेल्या लसग्रंथीची सुईतपासणी हा भारतातील क्षयनिदानाचा नित्याचा भाग आहे. लांबट केंद्रकांच्या पेशींचे पुंजके, कडेने नालाकृती केंद्रके मांडलेल्या महाकाय पेशी आणि पनीरासारखा दिसणारा मृत ऊतींचा चुरा या तीन खुणा क्षयाकडे बोट दाखवतात. त्यानंतर झील-नील्सन रंजनाने लाल रंगाचे जंतू शोधतात. जंतू न दिसल्यास जनुकीय चाचणीचा आधार घेतात, कारण अशा पेशीपुंजांची अन्य कारणेही असू शकतात.

बुरशी व परजीवी: कँडिडा या बुरशीचे तंतू व अंकुर, ट्रायकोमोनास हा नासपतीच्या आकाराचा परजीवी हे पॅप लेपात दिसतात. मेंदूच्या आवरणाच्या दाहात क्रिप्टोकॉकस या बुरशीभोवतीचे जाड कवच शाईच्या काळ्या पार्श्वभूमीवर तेजस्वी वलयासारखे उठून दिसते. हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी रक्तात प्रामुख्याने रात्री आढळतात. त्यामुळे विदर्भासारख्या हत्तीरोगप्रवण भागात आरोग्य कर्मचारी रात्री रक्तनमुने घेतात. अन्य कारणासाठी केलेल्या गाठीच्या सुईतपासणीतही हे कृमी कधीकधी अनपेक्षितपणे सापडतात. हिवतापासाठी एकाच काचपट्टीवर रक्ताचा जाड व पातळ असे दोन लेप घेतात. जाड लेपात अधिक रक्त तपासले जाऊन परजीवी आहे की नाही हे कळते, तर पातळ लेपात रक्तपेशी अखंड राहिल्याने त्याची जात ओळखता येते.

कर्करोगाची पूर्वतपासणी

गर्भाशयमुखाच्या जवळजवळ सर्व कर्करोगांमागे एचपीव्हीच्या काही प्रकारांचा दीर्घकाळ टिकून राहिलेला संसर्ग असतो. या संबंधाच्या शोधासाठी जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संसर्गापासून प्रत्यक्ष कर्करोगापर्यंतचा प्रवास बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ चालतो. या काळात स्त्रीला कोणतीही पीडा जाणवत नाही. पेशी मात्र बदलत असतात आणि त्या अवस्थेत छोट्याशा उपचाराने रोग टाळता येतो.

ही चाचणी उपलब्ध असणे आणि ती सर्व स्त्रियांपर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उत्तर युरोपातील देशांच्या अनुभवावरून स्पष्ट झाले. १९६५ ते १९८२ या काळात आइसलँडमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी घटले. तेथे सर्व स्त्रियांना ठरावीक काळाने बोलावण्याची राष्ट्रीय व्यवस्था होती. नॉर्वेमध्ये अशी व्यवस्था केवळ थोड्या भागात होती व तेथील घट सुमारे १० टक्केच राहिली.

अहवालाची परिभाषा

आरंभी निष्कर्ष क्रमांकांच्या वर्गांत दिले जात व त्यांचा अर्थ प्रयोगशाळेगणिक बदलत असे. अमेरिकेतील बेथेस्डा येथे १९८८ मध्ये झालेल्या बैठकीत गर्भाशयमुखाच्या लेपासाठी एकसमान परिभाषा ठरवण्यात आली. तिच्यात १९९१, २००१ व २०१४ मध्ये सुधारणा झाल्या. या पद्धतीनुसार नमुना तपासणीस पुरेसा आहे की नाही, हे अहवालात नमूद करावे लागते. त्यानंतर विकृती नाही, बदलांचा अर्थ अनिश्चित आहे, सौम्य विकृती, तीव्र विकृती किंवा कर्करोग अशा श्रेणींत निष्कर्ष देतात. थायरॉइडच्या सुईतपासणीसाठी अशीच सहा श्रेणींची पद्धत रूढ आहे. ‘नमुना अपुरा’ हा शेरा म्हणजे रोग नसल्याचा निर्वाळा नव्हे. अशा वेळी तपासणी पुन्हा करावी लागते.

भारत व महाराष्ट्र

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात एका वर्षात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले व सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने मृत्यू पावल्या.

मुंबईतील टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी कर्करोग व कुष्ठरोग या दोन्ही विषयांत मूलभूत संशोधन केले. त्यांना भारतीय विकृतिशास्त्राचे जनक मानले जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ मध्ये पेशीविज्ञान संशोधन केंद्र स्थापन केले. त्याचा पुढे विस्तार होऊन आजची नोएडा येथील कर्करोग प्रतिबंध संस्था आकारास आली.

पेशीनिदानाच्या उपयुक्ततेची एक मोठी कसोटी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात लागली. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात बार्शी येथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरियल व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. खेड्यांच्या ५२ समूहांची चार गटांत विभागणी करण्यात आली. एका गटात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात पेशीतपासणी, तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुखाचे डोळ्यांनी निरीक्षण आणि चौथ्यात नित्याची आरोग्यसेवा असा क्रम होता. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले. एकदाच केलेल्या पेशीतपासणीने किंवा निरीक्षणाने मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी आम्ल लावून वारंवार केलेल्या निरीक्षणामुळे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटांतील स्त्रियांची तपासणी न करणे कितपत योग्य, यावर या अभ्यासांसंदर्भात पुढे नैतिक वादही झाला.

उस्मानाबादच्या निष्कर्षाचा अर्थ पेशीनिदान निरुपयोगी आहे, असा नव्हे. पॅप चाचणीचे यश ती दर काही वर्षांनी पुन्हा करण्यात असते. एका खेपेस सुटलेली विकृती पुढच्या खेपेस सापडते, कारण रोग सावकाश वाढतो. आयुष्यात एकदाच तपासणी होण्याचा संभव असलेल्या ठिकाणी हा आधार राहत नाही. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० ते ६५ वर्षे वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी आम्ल लावून निरीक्षण करण्याची पद्धत स्वीकारली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या धोरणात २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना १५ व्या वर्षापर्यंत एचपीव्ही लस, ७० टक्के स्त्रियांची ३५ व ४५ व्या वर्षापर्यंत प्रत्येकी एकदा उच्च क्षमतेची चाचणी आणि विकृती आढळलेल्यांपैकी ९० टक्के स्त्रियांना उपचार, ही उद्दिष्टे ठेवली आहेत. पेशीतपासणीचे स्थान यात बदलत आहे. अनेक देशांत प्रथम विषाणूची चाचणी करतात आणि ती सकारात्मक आल्यास पुढे काय करावे हे ठरवण्यासाठी पेशी पाहतात.

मर्यादा

सुटी पेशी आपल्या मूळ जागेची साक्ष देऊ शकत नाही. थायरॉइडमधील एका प्रकारच्या गाठीत साधी गाठ व कर्करोग यांच्या पेशी जवळजवळ सारख्या दिसतात. पेशींनी गाठीचे कवच किंवा रक्तवाहिनी भेदली आहे का, यावर त्यांतील भेद ठरतो आणि तो शस्त्रक्रियेनंतर ऊतीच्या कापातच कळतो. स्तनाच्या कर्करोगाने आसपासच्या ऊतीत शिरकाव केला आहे की नाही, हेही सुईतपासणीवरून खात्रीने सांगता येत नाही. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी किंवा औषधोपचार ठरवण्यापूर्वी बायॉप्सीची जोड देतात.

रोग असूनही तो न सापडण्याची कारणे मुख्यतः दोन आहेत. एक तर सुई किंवा ब्रश विकृत भागापर्यंत पोहोचत नाही. दुसरे म्हणजे, काचपट्टीवरील हजारो निरोगी पेशींत विखुरलेल्या मोजक्या विकृत पेशी परीक्षकाच्या नजरेतून निसटतात. सलग कामाने येणारा थकवा हे यामागील ज्ञात कारण आहे. अमेरिकेत १९८८ च्या कायद्यानुसार एका परीक्षकाने २४ तासांत १०० पेक्षा अधिक काचपट्ट्या प्रथम तपासणीसाठी पाहू नयेत, अशी मर्यादा घालण्यात आली. तसेच निर्दोष ठरलेल्या लेपांपैकी किमान १० टक्के पुन्हा तपासणे बंधनकारक झाले. काचपट्टीचे संगणकाद्वारे प्रतिमांकन करून संशयास्पद जागा दाखवणाऱ्या यंत्रणा आता वापरात आहेत, परंतु त्या जागांचा अर्थ तज्ज्ञच लावतो.

त्यामुळे अहवालात विकृती आढळली नाही असे असूनही गाठ वाढत असेल, रक्तस्राव थांबत नसेल किंवा क्ष-किरण चित्रात संशय कायम असेल, तर तपासणी तेथेच न थांबवता पुन्हा नमुना घेणे किंवा बायॉप्सी करणे आवश्यक ठरते. स्तनाच्या गाठीबाबत तर हाताने केलेली तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी आणि पेशी अथवा ऊतीची तपासणी या तिघांचा मेळ बसल्यावरच निष्कर्ष ग्राह्य धरतात. त्यांपैकी एक जरी इतरांशी विसंगत असली, तरी निदान अपूर्ण मानले जाते.